अँड्रॉइड फोनला वाय-फाय हवंय, पण रीतसर. पंचवटीत काय पर्याय आहेत?

मखमलाबाद_नाका

नमस्कार मंडळी. पंचवटीत भाड्याच्या खोलीवर तीन मुलं राहतात, त्यातले दोघं मुक्त विद्यापीठाचे. फोन तीन: एक जुना अँड्रॉइड ९चा, दोन अँड्रॉइड १३चे. रोजचा दीड जीबी व्याख्यानांच्या व्हिडिओंत दुपारीच संपतो, मग ६४ केबीपीएसवर व्हॉट्सॲपचा फोटोसुद्धा उघडत नाही.

वाय-फायच्या यादीत शेजारपाजारची दहा-अकरा नावं दिसतात, एक सोडून सगळ्यांना कुलूप. ‘पासवर्ड काढून देतो’ म्हणणारी ढीगभर ॲप आहेत, मुलांना तीच टाकायची आहेत. त्यांना नाही म्हणायचं तर कारण नीट सांगता आलं पाहिजे.

खालच्या मजल्यावरचे घरमालक वाय-फाय द्यायला तयार आहेत, पण स्वतःचा पासवर्ड सांगायचा नाही म्हणतात. असं जमतं का? आणि नाशिक रोड स्टेशनवर रेलवायरला (स्टेशनवरचं रेल्वेचं सार्वजनिक वाय-फाय) फोन जोडला जातो, पण लॉगिनचं पान उघडतच नाही. ते का?

---

चॅनल_सहा

ॲपचा विषय आधी निकालात काढू.

डब्ल्यूपीए२चा (बहुतेक वाय-फायला असतं त्या कुलपाचा) पासवर्ड किमान ८ आणि जास्तीत जास्त ६३ अक्षरांचा असतो. इंग्रजी लहान अक्षरं आणि अंक एवढेच धरले तरी ८ अक्षरी पासवर्डचे सुमारे २.८२ लाख कोटी प्रकार होतात. फोन एकेक करून ते राउटरला विचारत बसला तर मुलांची नातवंडं पदवीधर होतील. म्हणून ही ॲप प्रत्यक्षात तीनपैकी एक काहीतरी करतात. बहुतेक नुसती हिरवी पट्टी पळवून जाहिराती दाखवतात. काही जुन्या राउटरच्या डब्ल्यूपीएस पिनवर (पासवर्डऐवजी नुसत्या आकड्यांनी जोडायची सोय) डाव लावतात. अँड्रॉइड ९पासून गुगलने डब्ल्यूपीएसची सोयच काढून टाकली, त्यामुळे तुमच्या तिन्ही फोनवर तेही बहुधा चालणार नाही. तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. लोकांनी एकमेकांचे पासवर्ड टाकलेली एक सामायिक वही असते आणि ते ॲप तुमच्या फोनवरचे पासवर्डही तिच्यात चढवायला बघतं. म्हणजे घरमालकांनी विश्वासाने दिलेला पासवर्ड गल्लीभर.

परवानग्यांवर एक नजर टाका. आसपासची वाय-फाय नावं वाचायला लोकेशनची परवानगी लागते, तेवढं ठीक. एसएमएस आणि कॉन्टॅक्ट मागणारं ॲप वाय-फायसाठी आलेलं नाही, बँकेच्या ओटीपीसाठी आलंय.

आता घरमालकांचं. स्वतःचा पासवर्ड न सांगता देता येतं, त्यासाठीच गेस्ट नेटवर्क असतं. राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर पत्ता असतो, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. घरमालकांच्या फोनच्या ब्राउझरमध्ये तो टाकायचा, स्टिकरवरच्याच नाव-पासवर्डने आत शिरायचं, वायरलेसमध्ये ‘गेस्ट’ किंवा दुसरा एसएसआयडी (यादीत दिसणारं वाय-फायचं नाव) चालू करायचा, त्याला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड द्यायचा. ‘गेस्टना लोकल नेटवर्क दिसू द्या’ असा पर्याय असेल तर तो बंद ठेवायचा, म्हणजे मुलांच्या फोनवरून घरमालकांचा टीव्ही किंवा कॅमेरा दिसत नाही. कंपनीने दिलेल्या काही राउटरमध्ये हा मेनू ग्राहकाला दाखवलेलाच नसतो. तिथे कंपनीचं ॲप बघा किंवा ग्राहक सेवेला फोन करून दुसरा एसएसआयडी चालू करून मागा.

पुष्कळ जण म्हणतात, क्यूआर दिला की पासवर्ड कळत नाही. चूक आहे. अँड्रॉइड १०पासून सेटिंग्ज, वाय-फाय, नेटवर्कच्या नावाशेजारचं चाक, ‘शेअर करा’ असं गेलं की बोटाचा ठसा घेऊन क्यूआर येतो आणि बहुतेक फोनवर त्याच्याच खाली पासवर्ड सरळ अक्षरांत लिहिलेला असतो. तो छापलेला नसला तरी क्यूआरच्या आत तो उघडाच असतो, कुठलाही स्कॅनर वाचून दाखवतो. तेव्हा क्यूआर द्यायचा तो गेस्टचाच.

अँड्रॉइड १३वर वाय-फायच्या यादीच्या तळाशी ‘नेटवर्क जोडा’समोर क्यूआरचं चिन्ह आहे, त्याने स्कॅन करा. अँड्रॉइड ९च्या सेटिंग्जमध्ये ती सोय नाही. तिथे गुगल लेन्सने स्कॅन करा, नाहीतर पासवर्ड हाताने टाका. टाकताना ‘ओ’ आणि शून्य, लहान ‘एल’ आणि एक यांत घोटाळा होतो आणि फोन ‘प्रमाणीकरण समस्या’ एवढंच सांगून गप्प बसतो.

जुन्या फोनवर गेस्टचं नाव दिसलंच नाही तर दोन गोष्टी बघा. वाय-फाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतं, स्वस्तातल्या जुन्या फोनना ५ गिगाहर्ट्झ कळत नाही, तेव्हा गेस्ट २.४वर पाहिजे. आणि राउटरची सुरक्षा नुसती डब्ल्यूपीए३ (त्याच कुलपाचा नवा प्रकार) असेल तर अँड्रॉइड ९ आत येऊ शकत नाही, कारण डब्ल्यूपीए३ अँड्रॉइड १०पासून आलं. ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र’ निवडा. ‘मिश्र’च्या नावाखाली जुनं डब्ल्यूईपी किंवा नुसतं डब्ल्यूपीए मात्र निवडू नका.

घरमालकांनी मॅक फिल्टर (ठरावीक फोनचे ओळखक्रमांक, म्हणजे मॅक, असतील तरच आत घेणं) लावला असेल तर अजून एक खोडा. अँड्रॉइड १०पासून फोन प्रत्येक नेटवर्कला आपला खरा मॅक न देता बनावट मॅक देतो. फोनच्या खोक्यावरचा मॅक राउटरमध्ये भरला आणि तरी फोन जोडला जात नाही, याचं कारण हेच. त्या नेटवर्कच्या चाकात जाऊन ‘गोपनीयता’खाली ‘डिव्हाइसचा मॅक वापरा’ करा.

---

काळा_कोट

मुलांना सांगायचं कारण हवंय ना, घ्या.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, कलम ४३: मालकाच्या किंवा ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या परवानगीविना संगणक किंवा नेटवर्क वापरणं. यात पासवर्ड ‘फोडला’ असला पाहिजे अशी अट नाही. म्हणजे यादीतलं ते एक बिनकुलपाचं नावही परवानगीशिवाय वापरलं तर कलमात बसतं. दार उघडं असलं म्हणून घर आपलं होत नाही. हेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं तर कलम ६६: तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वापरला तर ६६सी: तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

बिनकुलपाचं वाय-फाय ठेवणाऱ्याचंही काही खरं नाही. २६ जुलै २००८च्या अहमदाबाद स्फोटांआधी काही मिनिटं गेलेला ई-मेल सानपाड्यातल्या एका घराच्या उघड्या वाय-फायवरून गेला होता, आणि तपास पहिल्यांदा पोहोचला तो त्या कनेक्शनधारकाच्या दारात. २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सार्वजनिक वाय-फायला ओळख पटवणं बंधनकारक केलं. स्टेशनवर किंवा हॉटेलात मोबाइल नंबर आणि ओटीपी मागतात तो त्यासाठी. म्हणून शेजारी बिनकुलपाचे असतील तर त्यांना जाऊन सांगा. त्यांच्यावर उपकार होतील आणि कदाचित पासवर्डही मिळेल.

घरमालकांची परवानगी व्हॉट्सॲपवर एका ओळीत लिहून घ्या: कोणते तीन फोन, कधीपासून. एवढं पुरे. पैसे वाटून घेण्याबद्दल एक सांगतो. एका खोलीतल्यांनी एकाच्या नावावरचं बिल वाटून भरणं वेगळं आणि एक कनेक्शन घेऊन वर-खालच्या चार घरांना महिन्याला दोनशे रुपयांनी विकणं वेगळं. घरगुती कनेक्शनच्या करारात पुनर्विक्रीला बंदी असते. विकायचंच असेल तर त्याचा सरळ मार्ग आहे, पीएम-वाणी ही सार्वजनिक वाय-फायची सरकारी योजना. त्यावर कोणी जाणकार लिहीलच.

---

तपोवन_पूल

रेलवायरचं पान न उघडणं हा फार जुना रोग आहे आणि शंभरात नव्वद वेळा दोष फोनच्या सेटिंगचा असतो.

जोडल्या जोडल्या अँड्रॉइड गुपचूप एका ठरावीक पत्त्यावर विचारून बघतो की इंटरनेट आहे का. उत्तराऐवजी लॉगिनचं पान आलं की तो ‘नेटवर्कमध्ये साइन इन करा’ अशी सूचना दाखवतो. ही सूचना अडते ती पुढच्या कारणांनी, आणि याच क्रमाने तपासा.

पहिलं, खाजगी डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर आपण निवडायची सोय). अँड्रॉइड ९पासून सेटिंग्ज, नेटवर्क आणि इंटरनेट, खाजगी डीएनएस इथे जाहिराती अडवण्यासाठी कोणी एखाद्या सर्व्हरचं नाव टाकून ठेवलं असेल तर लॉगिनआधी तो सर्व्हर सापडत नाही आणि सगळंच थांबतं. ‘आपोआप’ करा. दुसरं, व्हीपीएन, ‘नेहमी चालू’ असेल तर तोही बंद. तिसरं, मोबाइल डेटा. वाय-फायवर इंटरनेट नाही असं दिसलं की फोन चुपचाप सिमच्या डेटावर जातो आणि ब्राउझर लॉगिनच्या पानाऐवजी नेहमीचीच साइट उघडतो. डेटा तेवढ्यापुरता बंद. सिम बंद करू नका हां, ओटीपी एसएमएसने त्याच्यावरच येणार आहे. चौथं, तारीख-वेळ. बॅटरी पूर्ण उतरून चालू झालेल्या जुन्या फोनची तारीख मागे गेलेली असते, मग साइटची सुरक्षा प्रमाणपत्रं चुकीची ठरतात.

एवढं करूनही सूचना आली नाही तर ब्राउझरमध्ये एचटीटीपीएस नसलेली साधी साइट उघडा, नेव्हरएसएसएल डॉट कॉम याच कामासाठी आहे. सुरक्षित साइटचं वळण लॉगिनकडे नेता येत नाही, साध्या साइटचं येतं. एकदम गुगल उघडून पान कोरं दिसण्याचं कारण तेच.

पानावर मोबाइल नंबर आणि ओटीपी, बस्स. फुकटातल्या अर्ध्या तासासाठी कोणी आधार किंवा कार्ड नंबर मागत असेल तर ते नाव रेलवायरसारखं दिसलं तरी रेलवायर नव्हे. ‘विसरा’ करून बाजूला व्हा.

पण हिशेब करा. फुकट मिळतात ती पहिली ३० मिनिटं, १ एमबीपीएसने. म्हणजे कागदावर जास्तीत जास्त २२५ एमबी, प्रत्यक्षात त्याहून कमी. पुढे सशुल्क: २०२१च्या दरपत्रकात सुरुवात १० रुपये अधिक जीएसटीपासून होती, त्यात एका दिवसाला ५ जीबी आणि वेग ३४ एमबीपीएसपर्यंत. गाडीची वाट बघत असाल तर उत्तम सोय. त्यासाठीच पंचवटीतून दहाएक किलोमीटर जायचं, वर १० रुपयांचं फलाट तिकीट काढायचं, तेही दोनच तास चालणार, असा उद्योग करण्यात काही अर्थ नाही. तेवढ्यात सिमचं डेटा व्हाउचर येतं.

---

मखमलाबाद_नाका

खाजगी डीएनएसच निघालं. एका फोनमध्ये जाहिराती अडवणाऱ्या सर्व्हरचं नाव टाकलेलं होतं. ‘आपोआप’ केल्यावर पान उघडलं. धन्यवाद.

आता पीएम-वाणीचं सांगा. खोलीशेजारीच एक अभ्यासिका आहे, तिथे हे बसवता येईल का?

---

झेरॉक्स_लॅमिनेशन

येईल, आणि अभ्यासिकेसारखी जागा याला फार सोयीची.

९ डिसेंबर २०२०ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ही योजना मंजूर केली. कल्पना जुन्या पीसीओसारखीच आहे. दुकानदार किंवा अभ्यासिकेचा मालक हा पीडीओ (पब्लिक डेटा ऑफिस). त्याला ना परवाना लागतो, ना नोंदणी, ना शुल्क. त्याच्या वरती पीडीओए (पीडीओंना एकत्र बांधणारा ॲग्रिगेटर) असतो. तो अनेक पीडीओंचं लॉगिन आणि हिशेब सांभाळतो आणि त्याची नोंदणी दूरसंचार विभागाकडे असते. ग्राहकाकडे ॲप असतं. या सगळ्यांची मध्यवर्ती नोंदवही सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संस्था सांभाळते. मालकाला करायचं काय, तर एक फायबर कनेक्शन, वाणी चालणारा एक ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारा डबा) आणि पीडीओएशी करार. काळा_कोट यांनी म्हटलेला पुनर्विक्रीचा अडसर इथे राहत नाही, पण कनेक्शन घेतानाच पीडीओसाठी घेतोय असं कंपनीला सांगून घ्यायचं. घरगुती कनेक्शनवर गुपचूप लावायचं नाही.

पूर्वी गाडी इथेच अडायची. कंपन्या दुकानदाराकडे महागडी लीज्ड लाइन (धंद्यासाठीची राखीव लाइन) घ्यायला लावायच्या. जून २०२५मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामकाने) दर बांधून दिला: २०० एमबीपीएसपर्यंतचा घरगुती प्लॅन पीडीओला द्यायचा तर घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त घ्यायचं नाही. म्हणजे ५०० रुपयांचा प्लॅन फार तर १,०००ला. अभ्यासिकेत तीस मुलं असतील तर माणशी महिन्याला पन्नास रुपयांतही मालकाचा खर्च निघून वर उरतं.

मुलांच्या बाजूने: वाणीचं ॲप घ्यायचं, मोबाइल नंबर ओटीपीने एकदा पडताळायचा, जवळचं हॉटस्पॉट यादीतून निवडून कूपन घ्यायचं. किंमत पीडीओ आणि पीडीओए मिळून ठरवतात. ॲपला लोकेशनची परवानगी आणि फोनचं लोकेशन दोन्ही चालू पाहिजे, नाहीतर यादी कोरी दिसते. आणि रिफ्रेश सारखं दाबू नका. अँड्रॉइड ९पासून समोर उघडं असलेलं ॲप दोन मिनिटांत चारदाच स्कॅन करू शकतं, पाचव्यांदा दाबलं की जुनीच यादी दिसते आणि माणूस म्हणतो ॲप बिघडलं.

नाशिकमध्ये वाणीचं दाट जाळं आहे अशा समजुतीने मात्र बाहेर पडू नका. आधी ॲपमध्ये आपल्या भागाची यादी बघा, मग ठरवा.

---

सातपूरकर

सगळं वाचलं. तीन जण एका खोलीत असतील तर इतकं फिरायचं कशाला? स्वतःचं कनेक्शन घ्या की राव.

३० एमबीपीएसचा ३९९चा प्लॅन धरा. १८ टक्के जीएसटी धरून ४७१ रुपये. तिघांत माणशी १५७. रोज दीड जीबीचं रिचार्ज संपल्यावर वरून जी डेटा व्हाउचरं मारता, त्यांची महिन्याची बेरीज बहुतेक याच्या पुढे जाते. ४८०पीच्या व्हिडिओला तासाला ढोबळमानाने अर्धा जीबी लागतो. दिवसाला तीन तास व्याख्यानं म्हटली की तुमचा दीड जीबी तिथेच संपला.

कागदपत्रं म्हणजे आधार आणि भाडेकरार. भिंतीला भोक पाडायला घरमालकांचा होकार आधी घ्या. बसवायचा खर्च आणि राउटरची अनामत कंपनीगणिक वेगळी, आणि सहा किंवा बारा महिन्यांचे पैसे एकदम भरले तर ती बरेचदा माफ होते. पण मुलं मे महिन्यात खोली सोडणार असतील तर बारा महिन्यांचं भरू नका, कनेक्शन दुसऱ्या पत्त्यावर हलेलच असं नाही. ज्याच्या नावावर घ्याल त्यानेच खोली सोडताना ते बंद करायचं किंवा दुसऱ्याच्या नावावर करायचं, हे आधी ठरवा. काळा_कोट यांनी सानपाड्याचं सांगितलंच आहे.

तोपर्यंत हॉटस्पॉट. यात दोन चुका नेहमी होतात. देणाऱ्या फोनवर डेटा सेव्हर चालू असेल तर बऱ्याच फोनवर हॉटस्पॉट चालूच होत नाही. आणि घेणारा फोन हॉटस्पॉटला घरचं वाय-फाय समजून प्ले स्टोअरची अपडेटं, फोटोंचा बॅकअप सगळं ओढायला लागतो. तुमचा दीड जीबी दुपारी संपतो त्यातला काही असाच जात असेल. घेणाऱ्या फोनवर त्या नेटवर्कच्या चाकात ‘नेटवर्क वापर’मध्ये ‘मीटर केलेले’ निवडा. जुन्या फोनला हॉटस्पॉट दिसत नसेल तर देणाऱ्या फोनचा बँड ५वरून २.४ गिगाहर्ट्झवर आणा.

एक राहिलं. एखाद्या फोनचं वाय-फायच मेलं असेल, बटण राखाडी पडून दाबलंच जात नसेल, तर बोर्ड दुरुस्तीच्या आधी यूएसबी-सी ते लॅन ॲडॉप्टर लावून बघा, एम.जी. रोडवर मिळेल. फोनला ओटीजी (यूएसबीला बाहेरचं उपकरण जोडायची सोय) पाहिजे. राउटरची वायर थेट फोनला. वर बाणांसारखं छोटं चिन्ह येतं आणि नेट चालू. दिसायला गबाळं, पण ऑनलाइन परीक्षेला वाय-फायपेक्षा भरवशाचं.

---

मखमलाबाद_नाका

घरमालकांनी गेस्ट चालू करून दिलं, तिन्ही फोन जोडले. पण मागच्या खोलीत दोन काड्या, आणि रात्री नऊनंतर व्हिडिओ अडकतो. स्वतंत्र कनेक्शन घ्यायचं पुढे बघतो. सध्यापुरतं काही करता येईल का?

---

चॅनल_सहा

रात्री नऊला सगळी आळी २.४ गिगाहर्ट्झवर असते. एखादं वाय-फाय ॲनालायझर ॲप घ्या, मागच्या खोलीत उभं राहून कोणत्या चॅनलवर (त्या पट्ट्यातल्या क्रमांकाच्या उपभागावर) किती गर्दी आहे ते बघा. १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत, त्यातला मोकळा घरमालकांना राउटरमध्ये पक्का करायला सांगा. ‘ऑटो’वर ठेवू नका. ३ किंवा ४ मोकळा दिसला म्हणून तिथे जाऊ नका, दोन्हीकडचा गोंधळ पदरी पडतो. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, ४० नको.

अँड्रॉइड १३चे दोन्ही फोन ५ गिगाहर्ट्झ पकडत असतील तर गेस्ट तिथेही चालू करून घ्या. स्लॅबमधून ५ कमी पोहोचतं, म्हणून समोरच्या खोलीत ५ आणि मागे २.४ असं वापरा. आणि राउटर टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटावर असेल तर घरमालकांना विचारून तो जिन्याच्या बाजूला, डोक्याएवढ्या उंचीवर टांगा. त्याला पैसे पडत नाहीत आणि बहुतेक वेळा एक-दोन काड्या तिथेच वाढतात.